केक कापायच्या आधी फुगे बाजूला घ्या

येत्या शनिवार-रविवारी तुमच्या घरात लहान मुलाचा वाढदिवस असेल, तर हे आजच वाचा. सामान आणायची जबाबदारी ज्या मामाने, काकाने किंवा मित्राने घेतली आहे, त्यालाही वाचायला द्या. वाढदिवस झाल्यावर वाचून याचा उपयोग नाही.

मी वाढदिवसांची सजावट करते. जिल्ह्याच्या गावी माझं छोटंसं काम आहे. बारशाचा पाळणा, डोहाळजेवणाचा झोपाळा, बोरन्हाणाचे पतंग आणि वर्षभर चालणारे वाढदिवस. अकरा वर्षांत किती कमानी बांधल्या त्याचा हिशेब नाही. गाठी मारून मारून बोटांना भेगा पडतात, पण हॉलचं दार उघडल्यावर पोरगं ज्या आवाजात 'आईऽऽ' म्हणून ओरडतं, तो ऐकायला मी अजून या कामात आहे. वाढदिवस करू नका, असं मी कधीच सांगणार नाही. करा, दणक्यात करा. आजी-आजोबांना बोलवा, शेजारची पोरं बोलवा. मला बोलायचं आहे ते केकभोवतीच्या दोन मिनिटांबद्दल. त्या दोन मिनिटांत आपण पेटती मेणबत्ती, ज्वालाग्राही वायू आणि नेटचा फ्रॉक घातलेलं लेकरू एकाच टेबलाशी आणतो, आणि वर सगळ्यांना 'जवळ या, जवळ या' म्हणून बोलावतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका मुलीचा चौथा वाढदिवस होता. गुलाबी फ्रॉक, घेर इतका की खुर्चीवर बसवल्यावर तो आईला दोन्ही हातांनी दाबावा लागत होता. केकवर चारच्या आकड्याची मेणबत्ती आणि कडेने बारीक आठ. मावशीने नुकतंच औक्षण केलं होतं, तबक टेबलाच्या कोपऱ्यावर तसंच होतं, निरांजन तेवत होतं. मुलीच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा वर्षांचे दोन मामेभाऊ स्नो स्प्रेचे डबे हलवत, टोपणं काढून उभे. गाणं सुरू झालं, टाळ्या सुरू झाल्या, मुलीने गाल फुगवले आणि त्याच क्षणी दोघांनी फवारा सोडला.

फेस मेणबत्त्यांवर आला आणि फेसच पेटला. ज्योत वर गेली नाही, फवाऱ्याच्या रेषेत आडवी आली. फ्रॉकच्या बाहीला झालर होती, ती क्षणात आक्रसली. सुती कापड जळतं तसं नेट जळत नाही. ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. आम्ही चाळीस माणसं होतो. काहींना तो खेळाचाच भाग वाटला, एकजण तर तसाच टाळ्या वाजवत राहिला. मुलीची आत्या तेवढी धावली. तिने आजीच्या अंगावरची शाल ओढली, मुलीला शालीत गच्च दाबलं आणि जमिनीवर लोळवलं. मग कुणी बर्फ आणला, कुणी टूथपेस्ट, कुणी हळद. आत्याने सगळ्यांना बाजूला सारलं, मुलीला उचलून हात धुवायच्या बेसिनपाशी नेलं आणि तिचा हात नळाखाली धरून उभी राहिली. मुलगी ओरडत होती, आत्या रडत होती, पण तिने हात काढू दिला नाही. डॉक्टर नंतर म्हणाले की त्या पाण्याने पुढचं बरंच वाचलं.

मुलगी आता बरी आहे. कोपरापासून खांद्यापर्यंत आणि मानेवर एक पट्टा एवढी खूण आहे. मेणबत्ती पेटवली की ती आईच्या मागे जाते.

ते डबे माझ्या पॅकेजमधले होते. 'दोन स्नो स्प्रे, दोन पार्टी पॉपर मोफत' असं जाहिरातीत मी स्वतः लिहिलं होतं.

त्या रात्री घरी उरलेला डबा मी पहिल्यांदा वाचला. अकरा वर्षांत शेकडो डबे विकले होते, वाचला एकही नव्हता. चौकोनात ज्वाळेचं चिन्ह. विस्तवाजवळ वापरू नका. ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. दाबाखालचा डबा, भोक पाडू नका. या डब्यांत फेस बाहेर ढकलायला बहुतेक करून ब्युटेन आणि प्रोपेन वापरतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये जे असतं, तेच. गॅसचा वास आला तर आपण दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही, खिडक्या उघडतो. आणि इथे तोच वायू आपण पेटत्या मेणबत्तीवर मारतो, तोही लेकराच्या तोंडासमोर. फेस पांढरा, गार, साबणासारखा दिसतो, म्हणून कुणाच्या मनात शंका येत नाही. मेणबत्ती विझल्यावर मारला तरी जवळ निरांजन असतं, कुणी दुसरी मेणबत्ती पेटवतं, आणि तोवर वायू टेबलाभोवती घुटमळत असतो. म्हणून माझं पहिलं मागणं साधं आहे: स्नो स्प्रे आणूच नका. कुणी भेट म्हणून आणला तर दारातच काढून घ्या. पाहुण्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

आता फुगे.

छताला चिकटून राहणारे, दोरी सोडली की वर जाणारे फुगे मुलांना फार आवडतात. त्यांत एक तर हेलियम असतो किंवा हायड्रोजन. हेलियम पेटत नाही, कशाशी क्रियाच करत नाही. या हेलियमशी आपलं थोडं नातंही आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जानसेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने गुंटूरहून सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला, त्यातल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे हा वायू ओळखला गेला, आणि आपल्या कोकणात विजयदुर्गावर १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून साजरा होतो. पण भारतात लागणारा हेलियम जवळजवळ सगळा बाहेरून येतो आणि महाग पडतो. म्हणून जत्रेत, चौकात, आणि खरं सांगायचं तर माझ्या धंद्यातही, 'गॅसचे फुगे' म्हणून स्वस्तात मिळतात ते बहुधा हायड्रोजनचे असतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के मिसळला की पेटतो. हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी पेटतो. त्याला ठिणगीही मोठी लागत नाही. सिंथेटिक कपडे अंगावरून काढताना चट्चट् आवाज येतो ना, तेवढी पुरते. वर त्याला वास नाही, रंग नाही. एक फुगा पेटला तर भडका उडून संपेल, पण आपण पन्नास फुग्यांचा घोस बांधतो आणि फोटोसाठी मुलाच्या डोक्यावर धरतो. २०२३ मध्ये बंगळुरूत एका वाढदिवसाला हायड्रोजनचे फुगे फुटून मुलांसह पाच जण भाजले. तिथे मेणबत्ती लागली नाही, फुगे विजेच्या तारेला लागले होते.

फुगा जितका धोक्याचा, त्याहून तो भरणारा सिलिंडर कितीतरी जास्त. काही फुगेवाले जुन्या लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून हायड्रोजन तिथल्या तिथे तयार करतात. ही क्रिया होताना टाकी तापते, आत दाब चढतो, आणि तो किती चढला हे सांगणारं काही त्या टाकीवर नसतं. गंजलेल्या जोडाला ते पेलवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लातुरात असाच सिलिंडर फुटला. फुगेवाल्याचा जीव गेला आणि भोवती जमलेली अकरा मुलं जखमी झाली. ३० ऑक्टोबर २०१९ ला ढाक्यात अशाच स्फोटात सात मुलं गेली. फुगेवाल्याभोवती मुलंच जमणार, तिथे दुसरं कोण असतं?

फुगेवाल्याला हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. टाकी फुटली की पहिला तोच मरतो, आणि त्याला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. त्याच्याशी बोला. 'गॅसचे नको, हवेचे दे, काठीला बांधून दे' म्हणा आणि वर दहा रुपये जास्त द्या. त्याची टाकी सोसायटीच्या आवारात, जिन्याखाली, मंगल कार्यालयाच्या दारात उभी राहू देऊ नका. दाबाखालच्या सिलिंडरला परवाना लागतो, आणि तो देणारं केंद्र सरकारचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. नियमाने हायड्रोजनचा सिलिंडर लाल आणि हेलियमचा तपकिरी असतो. पण रंगावर विसंबू नका, रंग कुणीही बदलतो. आणि फुग्यात काय आहे ते बघायला काडी लावायचा शहाणपणा तर चुकूनही नको. हेलियमच असल्याची खात्री देणारा, बिल देणारा माणूस नसेल, तर सरळ हवेचे फुगे लावा. हातपंप दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. छताला फुगे लावायचेच असतील तर दोन बाजूंनी चिकटणारी टेप असते, मी तीच वापरते. फोटोत फरक कळत नाही.

लहान भावंडांकडेही बघा. वाढदिवस चौथा असला तरी घरात एक-दीड वर्षाचं रांगणारं मूल असतं. फुटलेल्या फुग्याचा तुकडा त्याच्या तोंडात गेला तर तो घशात पडद्यासारखा चिकटून बसतो, खोकून निघत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना फुगा तोंडाने फुगवायला देऊ नका. फुगा फुटला की आधी तुकडे वेचा, मग टाळ्या वाजवा. मोठ्या पार्टीत मी आता एका माणसाला तेवढंच काम देते. शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, गोल चॉकलेटं चार वर्षांखालच्या मुलांच्या ताटात नकोत, द्राक्षं लांबीत चिरून द्या. बोरन्हाणातही तेच बघा. बोरं, उसाचे करवे, हरभरे डोक्यावरून ओतले की रांगती पोरं ती वेचून थेट तोंडात घालतात. बोरन्हाण जरूर करा, बोरं बिया काढून घ्या, लहानांसाठी चुरमुरेच ठेवा आणि मुलांमध्ये एक मोठं माणूस खाली बसवा.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर वाट बघू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब. वर्षाच्या वरच्या मुलाला वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच हिसके. घास निघेपर्यंत आलटून पालटून. घशात बोट घालून चाचपडू नका, तुकडा आणखी आत जातो. हे वाचून नीट जमत नाही, जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

हल्ली ती कमळासारखी मेणबत्ती मिळते. पेटवली की मधून कारंजं उडतं, पाकळ्या उघडतात आणि ती गाणं म्हणत फिरते. तिच्या बुडाशी बटणासारखे सेल असतात. दिव्यांच्या फुग्यांतही तेच. ते चकचकीत सेल मुलं गिळतात, आणि अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजायला लागतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, उद्यावर ढकलू नका, थेट रुग्णालयात जाऊन एक्सरे काढा. आणि त्या कारंज्याबद्दलही सांगते. ती फुलबाजीच आहे, तिच्या टोकाचं तापमान हजार अंशांच्या आसपास जातं. फुलबाजी आपण दिवाळीत अंगणात, बादलीभर पाणी शेजारी ठेवून लावतो. मग हॉलमध्ये, कागदी पताकांच्या खाली, मुलाच्या नाकापासून वीतभर अंतरावर ती कशी चालते? बेकरीवाल्या दादांना, ताईंना माझी विनंती आहे: खोक्यात ती मेणबत्ती फुकट टाकणं थांबवा. मीही माझं फुकट थांबवलं आहे.

धूर निघणारी बिस्किटं, धुराचं पान असले स्टॉलही मुलांच्या पार्टीत येऊ लागले आहेत. तो धूर द्रवरूप नायट्रोजनचा असतो, उणे १९६ अंशांचा. २०२४ मध्ये बंगळुरूत एका समारंभात असं पान खाल्लेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या जठराला भोक पडलं होतं, शस्त्रक्रिया करावी लागली. या स्टॉलवर मला याहून जास्त काही बोलायचं नाही. तो बोलवू नका.

हॉलबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तिथे दोष आमचा आहे. सजावट करताना मागचं दार आम्ही पडद्याने झाकतो. फोटोत ते वाईट दिसतं म्हणून. कमानीतून दिव्यांच्या माळा नेतो, एका पिनवर तीन पिना लावतो. व्हिडिओवाल्याचा तापलेला दिवा फुग्यांपासून दोन हातांवर असतो. थर्माकोलचे आकडे आणि नावं अजूनही मागितली जातात. राज्य सरकारने २०१८ मध्ये त्याच्या सजावटीवर बंदी घातली आहे, आणि पेटलं तर ते वितळून थेंबाथेंबाने खाली गळतं, हेही लक्षात घ्या. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेमझोनला आग लागली, सत्तावीस माणसं गेली, त्यात मुलं होती. उन्हाळ्याची सुट्टी, शनिवार, आईबापांनी मुलांना खेळायला नेलेलं. तिथे अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. तुम्ही हॉल ठरवताना जेवणाचा भाव विचारता, एसी विचारता. तिथेच उभं राहून दुसरं दार कुठे आहे तेही विचारा, आणि ते स्वतः उघडून बघा. वाढदिवसाच्या दिवशी ते पडद्यामागे गेलं असेल, तर माझ्यासारखीला पडदा हलवायला लावा. आम्ही कुरकुरू, पण हलवू.

औक्षणाचं निरांजन माझ्या घरात आजीपासून आलेलं आहे. आमच्याकडे ते फुंकत नाहीत. पाटावर मूल बसतं, कुंकू लागतं, डोक्यावर अक्षता पडतात, अंगठी आणि सुपारी ओवाळली जाते, मग तबक देवापुढे जातं. मला वाटतं त्या रीतीत एक मोठी सोय होती. दिवा ओवाळणाऱ्या बाईच्या हातात असायचा, मुलाच्या पुढ्यात नाही, आणि ओवाळून झालं की तो खोलीतून निघून जायचा. आपण आता दोन्ही करतो, औक्षणही आणि मेणबत्त्याही. करा. फक्त औक्षण आधी उरका, फुग्यांच्या कमानीपासून लांब, आणि तबक कुणीतरी हातात घेऊन आत नेऊन ठेवा. टेबलाच्या कोपऱ्यावर नको. मेणबत्ती एकच लावा, साधी. ती पेटलेली असताना टेबलाशी फक्त मूल आणि आई-बाबा. मुलीचे केस बांधलेले, फ्रॉकचा घेर मागे घेतलेला. शक्य असेल तर सुती कपडे घाला, नेटचा फ्रॉक केक कापून झाल्यावर फोटोंना घालता येतो. शेजारी पाण्याचा जग आणि एक जाड सुती चादर ठेवा. मेणबत्ती विझली, पाण्यात बुडवली, की मग बोलवा सगळ्यांना जवळ.

आणि तरीही काही झालंच, तर मुलाला पळू देऊ नका. खाली पाडा, चादरीत दाबा, लोळवा. मग साधं नळाचं पाणी, वाहतं, पुरी वीस मिनिटं. घड्याळ लावा, कारण वीस मिनिटं फार लांब वाटतात. बांगड्या, साखळी, पट्टा लगेच काढा, सूज येते. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद, शाई, तूप काही नको. बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, लहान मूल पटकन गारठतं. भाजलेल्या जागेवर स्वच्छ ओलसर फडकं आणि १०८ ला फोन. चेहरा, मान, हाताचा पंजा भाजला असेल तर जखम लहान दिसली तरी रुग्णालयातच न्या.

माझ्या धंद्यातल्या भावाबहिणींनो, तुम्हाला वेगळं सांगते. पॅकेजमधून स्प्रे काढला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल ही भीती मलाही होती. दोन-चार गेले. बाकीच्यांना मी ती गोष्ट सांगितली, तर त्यांनी स्वतःहून मेणबत्त्या कमी केल्या. स्प्रेऐवजी मी आता झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्यांची परडी देते. गाणं म्हणत मुलंच उधळतात, आणि त्यांचा उधळून झाल्यावरचा चेहरा फोटोत स्प्रेपेक्षा चांगला येतो, कारण त्यांनी डोळे मिटलेले नसतात.

तेव्हा आत्ता फोन उचला. ज्याच्याकडे सजावटीचं बुकिंग केलं आहे त्याला विचारा, 'फुग्यात काय भरणार?' उत्तर नुसतं 'गॅस' असं आलं, तर ते फुगे रद्द करा. मग विचारा, 'स्नो स्प्रे आहे का?' असेल तर तोही. मग बेकरीला फोन करा आणि सांगा की कारंज्याची मेणबत्ती नको, साधी एक द्या. पुरी पाच मिनिटंही लागणार नाहीत.